पिवळ्यावर पिवळं

धामणवाडी, बारवी धरणामागे
सोमवार, ९ सप्टेंबर २०२४

चि. महिपतीस,
आक्काचे आशीर्वाद आणि जयभीम.

आजोबा झालास म्हणून गुरुवारी दवाखान्यात पेढे वाटलेस, पण नातीचं तोंड काही धड बघितलं नाहीस. पाळण्यापाशी आलास, लांबनंच हात जोडलेस आणि निघालास. एवढी कसली घाई होती रे? असो. भांडायला वेळ नाही.

काल माझ्या मायाला आणि बाळीला घरी आणलं. माया टाक्यांनी वाकलीय, पण दूध आहे. बाळी मात्र पिवळी पडलीय. आज रक्त तपासायला बदलापूरला नेली, तर डॉक्टरीण म्हणाली, कावीळ चढतेय, निळ्या उजेडाखाली ठेवायला पाहिजे. त्यांच्या दोन्ही पेट्या भरलेल्या. म्हणाली, मोठ्या दवाखान्यात भरती करा, नाहीतर चांगलं मशीन मिळत असेल तर घरी ठेवा, पण दोन दिवसांनी रक्त दाखवायचं म्हणजे दाखवायचंच. मी म्हटलं, बाई, माझा सख्खा भाऊ कॅम्प पाचला हीच मशीनं दुरुस्त करतो. तेवढंच जरा ताठ मानेने बोलले.

तिने एक गोष्ट बजावून सांगितली. हे पिवळं फार चढलं तर मेंदूत उतरतं. मग मूल जगलं तरी कानांनी ऐकत नाही. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

जावयाला, सम्यकला, अंबरनाथच्या कंपनीत रजा नाही, रविवारीच येईल. रेंजचं तुला माहीतच आहे. फाट्यापर्यंत चढायला माझे गुडघे तयार नाहीत, आणि माया तर उठूच शकत नाही. म्हणून नेहमीसारखी नाथाच्या दुधाच्या टेम्पोतून चिठ्ठी देतेय. तो तुझ्या शेजारच्या मिठाईवाल्याकडे दूध घालेल तेव्हा घे आणि दुपारी परत येताना त्याच्याच टेम्पोत मशीन चढव.

तुझी,
सरस्वतीआक्का


उल्हासनगर कॅम्प ५
मंगळवार, १० सप्टेंबर

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम.

टेन्शन घेऊ नको. मशीन पाठवतोय. स्टँड आपला जुनाच आहे, पण एकदम मजबूत. ट्यूबा नव्याकोऱ्या टाकल्यात, लावून चेक केल्यात. झकास पेटतात.

आता नीट वाच आणि मायाला पण वाचून दाखव. बाळीच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधायची, ती सोबत ठेवलीय. लंगोट सोडून बाकी अंग उघडं. ट्यूबा अंगापासून एक हात वर. दर दोन तासांनी पालथी-उताणी करायची. दूध पाजायला काढलं तर चालेल, पण पाजून लगेच परत खाली. खोलीत गारठा नको.

तू विचारशीलच, नुसत्या उजेडाने कावीळ कशी जाते? तीस वर्षं हे काम करतोय, तरी मला अजून नवल वाटतं. रक्तातलं पिवळं कातडीखाली येऊन बसतं. निळा उजेड कातडीतून आत शिरतो आणि त्या पिवळ्याचा आकारच बदलून टाकतो. मग ते पाण्यात विरघळतं आणि शी-शूतून निघून जातं. औषध नाही, सुई नाही. पण त्यासाठी तोच निळा पाहिजे. बाकी कुठला उजेड त्या पिवळ्याला ओळखत नाही.

दवाखान्यात घाई झाली कारण दुकान उघडं टाकून आलो होतो. गणपतीचे दिवस, शेजारच्या दिपेशशेठची मोदकांची ऑर्डर, त्याच्या माश्या मारायच्या मशीनच्या ट्यूबा गेलेल्या, सगळे माझ्याच डोक्यावर. उगाच राग धरू नको.

तुझा,
महिपती


धामणवाडी
बुधवार, ११ सप्टेंबर

चि. महिपतीस,
आशीर्वाद.

मशीन काल दुपारी लावलं. तू सांगितलंस तसंच सगळं केलं, एक हात मोजून. आता जे लिहिते ते वाचून हसू नकोस. हसलास तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस.

काल दिवेलागणीला बाळीच्या खोलीत गेले तर मच्छरदाणी हिरवी झालेली. भातावरचे तुडतुडे, पाकोळ्या, पंख फुटलेले मुंगळे, कशाकशाची नावं मला येत नाहीत असले किडे, जाळीला चिकटून बसलेले. हजारांनी असतील. उडत नव्हते, भिरभिरत नव्हते. नुसते बसलेले, तोंडं आत करून. ओटीवरच्या बल्बवर एक नाही, स्वयंपाकघरात एक नाही, सगळे बाळीपाशी. माया तोंडावर पदर घेऊन रडायला लागली.

मी आत वाकले आणि माझं मलाच भ्या वाटलं. बाळीचा लंगोट पेटल्यासारखा पांढरा. माझ्या पातळाची किनार पांढरी. मायाने माझ्याकडे बघून किंकाळी फोडली, म्हणाली, आये, तुझे दात! नुसते दातच दिसत होते म्हणे.

आणि बाळीच्या कपाळावर एक रेघ होती. आडवी, हिरवट पिवळी, आतून उजळलेली. बाहेर उजेडात आणून बघितलं तर कपाळ कोरं. हाताला काही लागत नाही. परत दिव्याखाली नेली तर रेघ तिथेच. आज सकाळी दार-खिडक्या लावून, गोधडी टांगून बघितलं. दोन रेघा झाल्यात, महिपती.

तू म्हणशील, छप्पन साली आपल्या बापाने सटवाई, मरीआई सगळं नदीत सोडलं. मला सांगू नकोस, मी त्या माणसाची थोरली आहे. पण जन्मलेल्या पोराच्या कपाळावर कोण लिहितं ते आपल्या आजीने आपल्याला सांगितलं होतं, आणि तू माझ्या मांडीवर बसून ऐकलं होतंस.

आज रक्ताला न्यायचं होतं. नेलं नाही. लिहिणं अर्धं असताना तिला हलवायला हात होईना. बाळी फार झोपते. दूधही कमी ओढते. हे त्या दिव्याने होतं का? लगेच कळव.

आक्का


उल्हासनगर कॅम्प ५
गुरुवार, १२ सप्टेंबर

ती. आक्कास,
जयभीम.

चिठ्ठी मिळाली. हसलो नाही.

किडे येणारच ग. चारी बाजूंनी भातखाचरं, त्यात सप्टेंबर. दिवा म्हटलं की येतात. दात-बित चमकतात तेही होतं कधी कधी. कपाळाचं म्हणशील तर पट्टीची सावली असेल. तू रात्ररात्र जागी आहेस, डोळ्यांपुढे रेघा येतातच.

सोबत दोन ट्यूबा पाठवतोय, गोणपाटात गुंडाळलेल्या. या जास्त भारी कंपनीच्या आहेत. आधीच्या काढ आणि या लाव. खिट्टी पाव वळसा फिरवली की सुटते, तू मिक्सर दुरुस्त करणारी बाई, तुला जमेल. काढलेल्या जुन्या नाथाबरोबर परत पाठव. आजच बदल. आणि रक्ताला ने. हे मी मोठ्या भावासारखं सांगतोय असं समज.

बाकी सगळं ठीक. काळजी करू नको.

महिपती


धामणवाडी
गुरुवार, १२ सप्टेंबर, संध्याकाळ

महिपती,

ट्यूबा मिळाल्या. लावल्या नाहीत. गोणपाटातच आहेत.

तू लिहितोस सावली असेल. मी साठ पावसाळे काढलेत, मला सावली कळत नाही? तू लिहितोस भारी कंपनीच्या. मग आधीच हलक्या कशाला पाठवल्यास? आणि ठीक आहे तर आजच बदल अशी तातडी कशाची? तुझ्या चिठ्ठीत काहीतरी आहे जे तू लिहिलेलं नाहीस. लहानपणी गूळ खाऊन आलास की असाच जास्त बोलायचास.

आज तिसरी रेघ आली. आधीच्या दोहोंच्या वर, जरा वाकडी. रोज एक येतेय. मी ठरवलंय, हा दिवा विझवायचा नाही आणि बदलायचा नाही. जे लिहितंय त्याचा हात मध्येच धरला तर पोरीचं आयुष्य अर्ध्यावर राहील. पुरं होऊ दे. मग बघू.

माया म्हणते, आये, दवाखान्यात जाऊ. मी तिला म्हटलं, उद्या. तिला धड उभं राहता येत नाही, म्हणून माझं ऐकते.

बाळी आता दूध ओढत नाही. रडली तर बारीक, चिरकं रडते, आपल्या मांजराच्या पिल्लासारखं. मान मागे टाकते. पायाच्या तळव्यांपर्यंत पिवळी झालीय. एवढा दिवा लावून पिवळी का होते रे? मला भीती वाटते की तिच्या कपाळावर तेच लिहिलंय.

आक्का


उल्हासनगर कॅम्प ५
शुक्रवार, १३ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ

आक्का,

हे पत्र सम्यकच्या हातात देतोय. त्याच्या कंपनीत फोन केला, तो रिक्षा घेऊन दुकानावर आला आणि आता तीच रिक्षा घेऊन तुझ्याकडे येतोय. त्याला सांगितलंय, आधी आक्काला पत्र दे. कारण तू त्याचं ऐकणार नाहीस, मायाचं ऐकणार नाहीस. तुला लिहिलेलंच खरं वाटतं ना? मग हे माझं लिहिलेलं वाच आणि उठ.

तो दिवा औषधाचा नाही. तो माश्या मारायचा दिवा आहे.

मंगळवारी माझ्यापुढे दोन जोड्या होत्या. एक बाळीसाठी, एक दिपेशशेठच्या मिठाईच्या दुकानासाठी. लांबी एक, टोप्या एक, विझलेल्या दोन्ही पांढऱ्या. पेटवून बघितल्या, मला दोन्ही सारख्याच दिसल्या. माझ्या हातून त्यांची अदलाबदल झाली. बुधवारी शेठ ओरडत आला, "अरे साईं, ये क्या लगाया, दुकान नीला-नीला हो गया, मक्खी तो एक भी नहीं आती!" तेव्हाच मला शंका आली. तुझी किड्यांची चिठ्ठी आली तेव्हा खात्रीच झाली. भिंग लावून त्याच्या ट्यूबेवरचा नंबर वाचला. बाळीच्या ट्यूबा त्याच्या बर्फीवर जळत होत्या, आक्का. गोणपाटातून तुला पाठवल्या त्या त्याच. आणि तरी मी तुला लिहिलं, भारी कंपनीच्या आहेत. लाज वाटली. धंदा जाईल असं वाटलं. बदलल्या की गुपचूप निस्तरेल असं वाटलं.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दीड वर्ष झालं. निळं आणि पांढरं मला वेगळं दिसत नाही. सगळ्यावर चहाचा रंग. दवाखान्यात बाळीचं तोंड बघितलं नाही कारण मला ते दिसलंच नाही. तू ओळखशील म्हणून पळालो.

माश्यांच्या दिव्यात जो उजेड असतो तो आपल्याला दिसत नाही, किड्यांना दिसतो. म्हणून ते आले. धुण्याच्या पावडरीत जी चमक असते ती त्या उजेडात पेटते. म्हणून लंगोट पेटला. दात तसेच. हळदही तशीच पेटते. कोणी तिच्या कपाळाला हळद लावली असेल आणि पुसली असेल, तर दिवसा दिसणार नाही, कारण पोरच पिवळी आहे. पिवळ्यावर पिवळं. त्या दिव्याखाली मात्र उठून दिसेल. हात लागला, घाम आला, पसरली, की रेघा. मला माहीत नाही कोणी लावली. आपल्यात कोणी लावत नाही.

कोणी काही लिहीत नाहीये. तीन दिवस पोर उपचाराविना पडलीय, एवढंच. मान मागे टाकते हे फार वाईट आहे. पत्र संपायच्या आत तिला उचल. सम्यकला दवाखाना सांगितलाय, ते वाट बघतायत.

मी येत नाही. तुझ्यासमोर उभा राहायला तोंड नाही.

महिपती


धामणवाडी
रविवार, ६ ऑक्टोबर

चि. महिपतीस,
जयभीम.

तीन आठवडे चिठ्ठी लिहिली नाही. तुझी शिक्षा म्हणून नाही. हात उचलत नव्हता.

सम्यकने तुला फोनवर सांगितलंच असेल. पोरीचं रक्त बदलावं लागलं. बेंबीतून थोडं काढायचं, थोडं घालायचं. डॉक्टर म्हणाला, आणखी अर्धा दिवस उशीर झाला असता तर बोलायलाच नको. नंतर चार दिवस खऱ्या निळ्या दिव्याखाली होती. काय निळा होता रे तो! नर्सबाईंचे पांढरे कपडे नुसते निळे दिसायचे, आपणहून चमकायचे नाहीत. एक किडा नव्हता. मी रोज काचेला नाक लावून कपाळ बघायचे. कोरं होतं.

कानाची तपासणी केली. पास झाली नाही. डॉक्टर म्हणाला, तीन महिन्यांची झाली की परत करू, तोवर काही सांगता येत नाही. नाव श्रावस्ती ठेवलं.

आता माझं ऐक. हळद मीच लावली होती.

पाचव्या दिवशी, सोमवारी, तुला पहिली चिठ्ठी लिहायच्या आधी. माया झोपली होती. मागच्या पडवीत पाटा धुऊन मांडला, त्यावर कोरा कागद आणि सम्यकचं पेन ठेवलं, दिवा लावला. आजी करायची तसं. बापाने जे नदीत सोडलं ते मी गपचूप मागच्या दाराने आत आणलं. का केलं? पोर पिवळी पडत होती आणि मला दुसरं काही सुचेना. उरकलं, सगळं पुसलं, कोणाला कळू दिलं नाही. मग दिव्याखाली ती रेघ उजळली आणि मला वाटलं, आली. मी बोलावली म्हणून आली. हे मी तुला कसं लिहू? मला दिव्याची भीती नव्हती, स्वतःची होती.

तू ट्यूबा लपवल्यास, मी हळद लपवली. दोघांतलं एक जरी खरं बोललं असतं तर पोरीचे दिवस वाया गेले नसते. म्हणून मी तुला काही बोलत नाही. मला बोलायचा हक्क नाही.

पण एक गोष्ट राहते, ती सांगून टाकते. मी फक्त एक बोट टेकवलं होतं. भुवयांच्या मध्ये, एकच टिकली. रेघ मी ओढली नाही. एकही नाही. आणि कपाळाला तेल लावून चोळलं म्हणशील, तर डॉक्टरणीने तेल बंद सांगितलं होतं.

डोळे करून घे. नाही केलेस तर मी तिथे येऊन दुकानाला कुलूप लावेन.

आक्का


उल्हासनगर कॅम्प ५
मंगळवार, २२ ऑक्टोबर

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम.

उजवा डोळा गुरुवारी झाला. दहा मिनिटांचं काम. पट्टी काढली आणि मी तिथल्या पोरीला विचारलं, बाई, या भिंतीला कधी रंग दिला? ती म्हणाली, बाबा, आधीपासून निळीच आहे. मी तिथेच रडलो.

रिक्षाने दुकानावर आलो आणि आधी दोन्ही ट्यूबा शेजारी शेजारी लावल्या. एक निळी, अशी की डोळ्यांत भरते. दुसरी फिकी, जांभळट. शाळेतल्या पोराला कळेल एवढा फरक. मी तेवढंही बघू शकत नव्हतो आणि लोकांच्या लेकरांची मशीनं दुरुस्त करत होतो. गेल्या दीड वर्षात माझ्या हातून गेलेली एकूण एक मशीनं परत मागवलीत. दवाखान्यांना खरं कारण सांगितलं. दोघांनी काम काढून घेतलं. बरोबर केलं.

तुझ्या टिकलीवर मी खूप डोकं चालवलं. तान्हं पोर रडताना कपाळ आक्रसतं, हळद त्या घड्यांत शिरत असेल. रोज एक घडी. हे पटतं मला. तुला पटतं का, ते विचारत नाही.

एक विचारू? श्रावस्ती काही ऐकते का? मला थेट लिही. गोडीगुलाबी नको.

महिपती


धामणवाडी
रविवार, ८ डिसेंबर

चि. महिपतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या घड्यांचं वाचलं. असेल तसंच. मी आता त्यावर बोलत नाही.

तू थेट लिही म्हणालास, म्हणून थेट लिहिते. दोन महिने आम्ही घरातली भांडी वाजवून वाजवून त्यांना पोचे पाडलेत. माया मागून टाळी वाजवते, मी पुढून तोंड बघते. काही नाही. पापणी हलत नाही. सम्यक मोबाइलवर गाणी लावतो आणि मग बाहेर जाऊन बसतो. रोज सकाळी नाथा वळणावर भोंगा वाजवतो ना, तेव्हा मी हातातलं काम टाकून तिच्याकडे बघते. सगळ्या वाडीतली कुत्री उठतात. ती आपली छताकडे बघत हसते. दवाखान्याची तारीख मंगळवारची आहे आणि मी मनातून तयारी केली होती.

आज सकाळी मी तिला मांडीवर घेऊन बसले होते. थंडी होती, दार लावलेलं. एकदम तिचा चेहरा थांबला. हात वर होते ते तसेच राहिले. कपाळाला आठ्या पडल्या, तीन, वरची जरा वाकडी. आणि तिने मान वळवली, रस्त्याच्या बाजूला. मी मायाला हाक मारली. माया धावत आली. आम्ही दोघी कान देऊन बसलो. काही नव्हतं, महिपती. पाखरू नव्हतं, पान हलत नव्हतं. बाळी मात्र दाराकडे बघत होती, कोणीतरी बोलतंय आणि आपण ऐकतोय तशी.

चहा उकळून उतू गेला, मी उठले नाही. बऱ्याच वेळाने लांब धरणाच्या अंगाला नाथाचा टेम्पो कुरकुरला. मग वळणावर भोंगा वाजला. तेव्हा तिने मान परत सरळ केली.

माया हसते आहे, रडते आहे, म्हणते, आये, तिला ऐकू येतं. मीही हो म्हटलं. पोरीची आई आहे ती.

तू मंगळवारी दवाखान्यात ये. आता तुला दिसतं. तिचं कपाळ जवळनं बघ आणि मला खरं सांग.

तुझी,
आक्का